बँकांना टाळे : मार्च १९३३ आणि रुझवेल्ट यांना नको असलेली सुधारणा

शनिवार, ४ मार्च १९३३. वॉशिंग्टनमध्ये फ्रँकलिन रुझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत होते. त्या सकाळी अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक राज्यात बँका एक तर पूर्ण बंद होत्या किंवा ठेवीदारांच्या हातावर नाममात्र रक्कम टेकवत होत्या. त्याच पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांच्या गव्हर्नरांनी आपापल्या बँकांना ‘सुट्टी’ जाहीर केली होती. न्यूयॉर्क आणि शिकागो ही देशाची दोन्ही आर्थिक केंद्रे अशा रीतीने एका रात्रीत कुलूपबंद झाली.

लोकप्रिय कथेत यापुढचा भाग सरळ आहे. हूवर गेले, रुझवेल्ट आले, ‘न्यू डील’ आली आणि देश सावरला. प्रत्यक्ष घटनाक्रम पाहिला की या कथेला बरीच वळणे पडतात. बँका वाचवणारा कायदा बऱ्याच अंशी हूवर यांच्याच माणसांच्या हातून तयार झाला होता. आणि त्या वर्षीची जी सुधारणा सर्वाधिक टिकली, ती रुझवेल्ट यांना नकोच होती. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, हे सर्वांना ठाऊक असते. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. पण शेअर बाजारात पैसे गुंतवलेली कुटुंबे एकूण लोकसंख्येच्या मानाने थोडीच होती. मंदी सामान्य माणसाच्या घरात शिरली ती बँकेच्या दारातून.

१९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सुमारे ३०,००० बँका होत्या. हा आकडा समृद्धीचा वाटतो. वस्तुतः तो दुखण्याचे लक्षण होता. बहुतेक राज्यांत बँकेला शाखा काढण्यास बंदी होती किंवा कडक मर्यादा होत्या. मोठ्या शहरातील सावकारांनी गावाचा पैसा ओढून नेऊ नये, ही त्यामागची जुनी भावना. परिणाम असा की, बहुसंख्य बँका एकाच गावात एकच कचेरी असलेल्या होत्या. कापसाच्या पट्ट्यातील बँकेचे ठेवीदारही कापूसवाले आणि कर्जदारही कापूसवालेच. कापसाचा भाव पडला की कर्जे थकत आणि त्याच आठवड्यात ठेवीही काढल्या जात. १९२० च्या भरभराटीच्या म्हणवल्या जाणाऱ्या दशकातही दरवर्षी सरासरी सहाशेच्या आसपास बँका बुडत होत्या. त्या खेड्यापाड्यांतल्या असल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये कुणाची झोप उडाली नाही. शेजारच्या कॅनडात मोजक्याच मोठ्या बँका होत्या आणि त्यांचे शाखांचे जाळे देशभर होते. महामंदीच्या काळात तेथे एकही बँक बुडाली नाही. मंदीचा फटका मात्र कॅनडालाही कमी बसला नव्हता.

बँकेवर झुंबड का उडते, हे येथे समजून घेतले पाहिजे. बँक आपल्या ठेवी तिजोरीत रचून ठेवत नाही. त्यातला बहुतांश पैसा कर्जाऊ दिलेला असतो. घर, शेत, दुकान यांत गुंतलेला तो पैसा एका दुपारी परत मागता येत नाही. उलट ठेवीदाराला आपली रक्कम मागताक्षणी मिळण्याचा हक्क असतो. म्हणून सुस्थितीतली बँकही सगळे ठेवीदार एकदम आले तर तग धरू शकत नाही. आणि रांगेतील पहिल्यांना पूर्ण पैसे, शेवटच्यांना काहीच नाही, असा नियम असेल तर धावत जाऊन रांगेत पुढे उभा राहणारा माणूस मूर्ख ठरत नाही. शेजारी घाबरला आहे एवढे कळले, तरी आपणही घाबरणे हाच शहाणपणा ठरतो. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या शहाणपणातून सर्वांचा नाश होतो, तिथे लोकांना ‘धीर धरा’ असे सांगून भागत नाही.

डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’च्या ब्राँक्समधील एका शाखेबाहेर अशीच रांग लागली. नाव भारदस्त असले तरी ही खाजगी बँक होती. नावामुळे ती सरकारी असल्याचा समज, विशेषतः नव्याने आलेल्या स्थलांतरितांत, सहज होई. तिचे चार लाखांहून अधिक ठेवीदार होते. त्यांत कपड्यांच्या धंद्यातील ज्यू कामगार आणि छोटे दुकानदार पुष्कळ होते. शहरातील बड्या बँकांनी तिला सावरून घेण्याचा बेत सोडून दिला आणि ११ डिसेंबरला तिचे दरवाजे बंद झाले. आतापर्यंत बँक बुडणे ही गावाकडची बातमी होती. ती आता महानगरात येऊन ठेपली.

हूवर हातावर हात ठेवून बसले होते, हा समज न्याय्य नाही. जानेवारी १९३२ मध्ये त्यांच्या सरकारने ‘रीकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन’ स्थापन केले आणि अडचणीतल्या बँकांना सरकारी कर्जे देण्यास सुरुवात केली. पण त्यातही एक गोम होती. महामंडळाचे प्रमुख चार्ल्स डॉज यांनी जून १९३२ मध्ये पद सोडले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या शिकागोतील बँकेला ९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. यावर गदारोळ माजणे स्वाभाविक होते. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन गार्नर यांनी आग्रह धरला की, कर्ज घेणाऱ्या बँकांची नावे जाहीर व्हावीत. मागणी लोकशाहीला धरून होती, परिणाम मात्र घातक झाला. यादीत नाव आले म्हणजे बँक आजारी आहे, असा अर्थ लोकांनी काढला. मग कर्ज मागायलाच बँका कचरू लागल्या.

रुझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आले. शपथविधी मात्र ४ मार्चला. हे चार महिने अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत महागड्या प्रतीक्षांपैकी एक असावेत. (शपथविधी २० जानेवारीला आणणारी घटनादुरुस्ती याच जानेवारीत मंजूर झाली, पण ती या खेपेला लागू नव्हती.) बेकारी सुमारे २५ टक्क्यांवर पोहोचली होती. फेब्रुवारीत डेट्रॉइटमधील एका मोठ्या वित्तसंस्थेला वाचवण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या; आपल्या ठेवींवरील हक्क मागे ठेवण्यास हेन्री फोर्ड यांनी नकार दिला, हे त्याचे एक प्रमुख कारण. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातील सर्व बँका आठ दिवसांसाठी बंद केल्या. शेजारच्या राज्यांतील लोकांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला आणि आपापल्या बँकांसमोर रांगा लावल्या.

१८ फेब्रुवारीला हूवर यांनी रुझवेल्ट यांना स्वहस्ते लांबलचक पत्र लिहिले. अंदाजपत्रक संतुलित राहील, चलनवाढ होणार नाही, अशी जाहीर ग्वाही नव्या अध्यक्षांनी आताच द्यावी, म्हणजे लोकांची भीती ओसरेल, असा त्याचा आशय. रुझवेल्ट यांनी दाद दिली नाही. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. दिवसागणिक बँका बुडत होत्या. पण त्याच सुमारास हूवर यांनी आपल्या पक्षाच्या एका सिनेटरला लिहिले होते की, रुझवेल्ट यांनी अशी घोषणा केली तर तथाकथित ‘न्यू डील’चा नव्वद टक्के भाग त्यांना सोडून द्यावा लागेल. म्हणजे मदतीच्या हाकेत राजकीय डावही दडलेला होता. दोघेही काही अंशी बरोबर होते आणि दोघांच्या ताठरपणाची किंमत तिसऱ्यानेच मोजली.

या दिवसांत लोक जगले कसे? उधारीवर, वस्तुविनिमयावर आणि घरच्या घरी छापलेल्या ‘पैशां’वर. अनेक नगरपालिका, व्यापारी संघ आणि वृत्तपत्रे यांनी कागदी चिठ्ठ्या चलन म्हणून काढल्या. वॉशिंग्टन राज्यातील टेनाइनो नावाच्या छोट्या गावाने तर, गावची बँक बुडाल्यावर, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर पैसे छापले. ते प्रत्यक्ष चलनात फार आले नाहीत. संग्राहकांनीच उचलून नेले.

आता मूळ प्रसंगाकडे. शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, ६ मार्चला, रुझवेल्ट यांनी देशभरातील सर्व बँकांना सुट्टी जाहीर केली. आधार घेतला तो १९१७ च्या, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या, शत्रुराष्ट्रांशी व्यापार रोखणाऱ्या कायद्याचा. शांततेच्या काळात, स्वतःच्याच नागरिकांच्या बँकांवर तो लावणे कायद्याच्या दृष्टीने डळमळीतच होते. गंमत अशी की, हाच आधार घेण्याची कल्पना हूवर यांच्या अर्थखात्यात आधीपासून घोळत होती. हूवर यांचे अर्थमंत्री ऑग्डन मिल्स आणि त्यांचे सहकारी आर्थर बॅलन्टाइन पद गेल्यावरही घरी गेले नाहीत. नवे अर्थमंत्री विल्यम वुडिन यांच्या शेजारी बसून ते रात्री जागवत राहिले. स्वतः वुडिन रिपब्लिकन होते, कारखानदार होते आणि हौशी संगीतकारही. लहान मुलांची गाणी रचणे हा त्यांचा छंद. तातडीच्या बँकिंग कायद्याचा मसुदा फेडरल रिझर्व्हचे कायदा सल्लागार वॉल्टर वायट यांच्या हातचा.

९ मार्चला काँग्रेसचे विशेष अधिवेशन भरले. विधेयकाच्या छापील प्रतीसुद्धा सदस्यांना मिळाल्या नव्हत्या. प्रतिनिधिगृहात ते वाचून दाखवले गेले, जेमतेम चाळीस मिनिटे चर्चा झाली आणि आवाजी मतदानाने संमत झाले. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७. त्याच रात्री अध्यक्षांची सही झाली. बँका ताब्यात घ्या, असा आग्रह धरणारे पुरोगामी सिनेटर निराश झाले, कारण कायद्याने बँका होत्या तशाच, होत्या त्यांच्याच हाती राहिल्या. सरकार त्यांना फक्त तपासून, परवाना देऊन पुन्हा उघडणार होते.

तपासणीचे म्हणाल, तर हजारो बँकांची खातेवही चार दिवसांत कुणी तपासू शकत नाही. परवान्यांत अंदाज, घाई आणि क्वचित वशिलाही होता. कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिकेला परवाना द्यावा की नाही, यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख प्रतिकूल होते. ती बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही स्वतः घेता का, असे वुडिन यांनी त्यांना विचारले. त्यांनी जबाबदारी घेतली नाही, बँक उघडली. लाखो ठेवीदारांचे भवितव्य एका दूरध्वनीवर ठरले म्हणा ना.

मग या सगळ्यावर विश्वास कसा बसला? उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग प्रसिद्ध आहे. रविवार, १२ मार्चच्या रात्री रुझवेल्ट रेडिओवर बोलले. बँकेत ठेवलेल्या पैशाचे पुढे काय होते, ती बंद का झाली, उद्यापासून कोणत्या क्रमाने उघडेल, हे त्यांनी साध्या भाषेत, पाऊण तासाचे प्रवचन न करता, चौदा-पंधरा मिनिटांत सांगितले. सुमारे सहा कोटी लोकांनी ते ऐकले, असा अंदाज आहे. दुसरा भाग कायद्याच्या कलमांत आहे आणि बहुधा तोच अधिक महत्त्वाचा. उघडलेल्या बँकांची मालमत्ता तारण धरून फेडरल रिझर्व्हला नव्या नोटा छापता येतील, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे पुन्हा झुंबड उडालीच, तर नोटा कमी पडणार नव्हत्या. परवाना मिळालेल्या बँकांच्या ठेवींना सरकारने ही जवळपास हमीच दिली होती, फक्त ‘हमी’ हा शब्द टाळून.

सोमवारी, १३ मार्चला, बारा प्रमुख शहरांत बँका उघडल्या. रांगा लागल्या, पण पैसे भरण्यासाठी. दोन आठवड्यांत लोकांनी घरात दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून अधिक परत आली. १५ मार्चला शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक चढला. काही हजार बँका मात्र त्या आठवड्यात उघडल्या नाहीत आणि त्यांतल्या अनेक पुढेही कधी उघडल्या नाहीत. त्यांच्या ठेवीदारांच्या वाट्याला रेडिओवरचा दिलासा फारसा आला नाही.

येथवर ती आणीबाणी होती. सुधारणा अजून व्हायची होती. तिला जनमताचा रेटा मिळाला तो सिनेटच्या एका चौकशीतून. सिसिलीत जन्मलेले वकील फर्डिनांड पेकोरा यांनी नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल यांना साक्षीला बोलावले. आपल्याच बँकेचे समभाग पत्नीच्या नावे तोट्यात ‘विकून’ त्यांनी प्राप्तिकर वाचवला होता, हे उघड झाले. पेरू देशाच्या कर्जरोख्यांबद्दल प्रतिकूल माहिती बँकेपाशी असतानाही ते सामान्य ग्राहकांना विकले गेले होते. बँकवाला म्हणजे गावातला सर्वांत सज्जन माणूस, ही प्रतिमा त्या फेब्रुवारीत पुसली गेली.

ठेवींचा विमा ही कल्पना नवी नव्हती. १८८६ पासून काँग्रेसपुढे अशी सुमारे १५० विधेयके आली आणि पडली. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का आदी आठ राज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या योजना चालवून पाहिल्या, सगळ्या बुडाल्या. एका राज्यातील सगळ्या बँका एकाच पिकावर अवलंबून असतील, तर विम्याचा हप्ता भरणारे आणि भरपाई मागणारे एकाच वेळी संकटात येतात. त्यामुळे जाणकारांचे मत विम्याविरुद्ध होते. बँकर्सच्या राष्ट्रीय संघटनेचा कडवा विरोध होता. आणि रुझवेल्ट यांनी आपल्या पहिल्याच पत्रकार परिषदेत, ८ मार्चला, सांगून टाकले होते की, अशी हमी दिली तर चांगल्या बँकांबरोबर वाईट बँकांचा भारही सरकारवर येईल. हा आक्षेप पोकळ नव्हता. पैसे सुरक्षित आहेत म्हटल्यावर बँक कशी चालते, हे ठेवीदार कशाला पाहील?

तरीही विमा आला, कारण तो हेन्री स्टीगल यांना हवा होता. अलाबामातील हे प्रतिनिधी प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष होते. छोट्या गावांतल्या छोट्या बँका जगल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. सिनेटमध्ये व्हर्जिनियाचे कार्टर ग्लास यांना नेमके उलटे हवे होते : शाखा असलेल्या मोठ्या बँका, आणि ठेवी घेणारी बँक व रोखे विकणारी पेढी यांची फारकत. दोघांना एकमेकांची गरज होती. भर पडली ती मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हॅन्डनबर्ग यांच्या दुरुस्तीची : विमा वर्षभराने नव्हे, लगेच लागू व्हावा. बँकांची सुट्टी काय असते, हे त्यांच्या राज्याने भोगले होते. त्यांना साथ दिली उपाध्यक्ष गार्नर यांनी, म्हणजे रुझवेल्ट यांच्याच जोडीदाराने. जनमताचा कौल पाहून रुझवेल्ट यांनी माघार घेतली आणि १६ जून १९३३ रोजी बँकिंग कायद्यावर सही केली.

१ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराचे २,५०० डॉलरपर्यंतचे पैसे सुरक्षित झाले. त्याच जुलैत मर्यादा ५,००० वर गेली. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या होत्या. १९३४ मध्ये विमा उतरवलेल्या फक्त ९ बुडाल्या. पुढे मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ या, सरकारी हस्तक्षेपाकडे एरवी संशयाने पाहणाऱ्या, अभ्यासकांनीही या विम्याला त्या संकटातून निपजलेला सर्वांत महत्त्वाचा रचनात्मक बदल मानले. रुझवेल्ट यांना मनापासून हवी असलेली औद्योगिक पुनरुत्थानाची योजना मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे १९३५ मध्ये एकमताने रद्द केली, आणि जानेवारी १९३६ मध्ये शेतीविषयक कायद्याचीही तीच गत झाली.

तडजोडीची किंमत होतीच. विम्याने एकखांबी तंबूसारख्या त्या छोट्या बँका जगवल्या. कॅनडाचा मार्ग अनेक दशके लांबणीवर पडला. शिवाय ठेव विमा हा ज्याच्यापाशी ठेव आहे त्याच्यासाठी असतो. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, त्यांच्यासाठी मदतकार्ये, रोजगार योजना आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, म्हणजे कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य. याला दक्षिणेकडील सदस्यांचा दबाव किती कारणीभूत आणि वसुलीची प्रशासकीय अडचण किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. वगळलेल्यांना झालेल्या नुकसानीवर वाद नाही.

भारतातही ठेव विमा बँका बुडाल्यावरच आला. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळमधील पलई सेंट्रल बँक बुडाल्या. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले, मर्यादा १,५०० रुपये. १९९३ पासून ती एक लाखावर होती. २०१९ मध्ये मुंबईतील एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी अडकली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली.

अमेरिकेत ही मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवींपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम या मर्यादेच्या बाहेर होती. गुरुवार, ९ मार्च २०२३ रोजी, तातडीच्या बँकिंग कायद्याला बरोबर नव्वद वर्षे पूर्ण होत होती त्या दिवशी, ठेवीदारांनी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न केला. रांग कुठेच दिसली नाही. सगळे मोबाइलवरून झाले. शुक्रवारी बँक बंद झाली. रविवारी, १२ मार्चला, सरकारने जाहीर केले की, मर्यादा काहीही असो, या बँकेच्या सर्व ठेवीदारांचे सर्व पैसे परत मिळतील.